नदीचं मूळ आणि बारचं कूळ

लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, एकदा तर शेव-उसळीचं पार्सल बांधून होईपर्यंतच्या वेळात हा प्रश्न मला विचारून झालाय: "आता सगळं फोनवर मिळतं. जिथं स्वस्त तिथून मागवायचं. मग तुम्ही पर्चेसवाले दिवसभर करता तरी काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते.

आमची कंपनी बडोद्याला, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत. आम्ही फ्लँज बनवतो, म्हणजे दोन पाइप जोडायला तोंडाशी जी भोकांची जाड चकती लागते ती. बराचसा माल जर्मनी-हॉलंडला जातो. पोलादाचे बार, म्हणजे दांडे, आणि फोर्जिंग, म्हणजे तापवून ठोकून घडवलेले तुकडे, घेणं माझ्याकडे.

पहिली दहा-बारा वर्षं तुमचं म्हणणं अगदी खरं होतं. फोन लावायचा, गुजरातीत घरच्यांची चौकशी करायची आणि मग "छेल्लो भाव बोलो." माझी आजी दांडिया बाजारात भाजीवाल्याशी जे करायची, तेच मी टनावारी करत होते. किलोमागे रुपया सुटला की दिवस सार्थकी लागायचा.

आता भाव सगळ्यात शेवटी. आधी विचारायचं, हे पोलाद कुणाच्या भट्टीत वितळलं?

बारबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यावर हीट नंबर असतो. भट्टीतून एका वेळी ओतलेल्या सगळ्या पोलादाचा तो एकच, आडनावासारखा. बारच्या टोकाला तो ठोकलेला असतो. बार कापला की बाकीचे तुकडे बिननावाचे होतात, म्हणून प्रत्येकावर पंच-हातोडीने तो पुन्हा ठोकायचा. तुकडा तापून हॅमरखाली गेला की नंबर मोडतो, मग तयार फ्लँजवर परत. मध्ये एका जागी कुणी विसरलं की माल कितीही चांगला असो, बेवारस.

पूर्वी हा कागद क्वालिटीवाले बघायचे, कार्बन-निकेलचे आकडे जुळवायला. युक्रेन युद्धानंतर युरोपने रशियन पोलाद बंद केलं आणि 30 सप्टेंबर 2023 पासून दुसऱ्या देशांत बनलेल्या लोखंडी मालातही ते नाही, याचा पुरावा आयातदाराने द्यायचा असं ठरलं. आयातदार तो माझ्याकडे मागतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आई म्हणायची. मला पगारच त्याचा मिळतो.

मागे एका व्यापाऱ्याकडून बार आले. सर्टिफिकेटवर हीट नंबरचा शेवटचा आकडा 8, बारवर 3 वाटत होता. पंच झिजला असेल म्हणून खडू घासला, टॉर्च मारला. 3 च. "बेन, एक ज छे," व्यापारी म्हणाला. दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा होता. तो अर्धाच भरून गेला आणि साहेबांचं बोलणं मी खाल्लं. दोन दिवसांनी 3 आकड्याचं सर्टिफिकेट हजर. सगळा कागद एका वळणाच्या छपाईचा, तेवढा तो 3 किंचित जाड. माल परत पाठवला.

हे जेमतेम अंगवळणी पडतंय तोवर सीबॅम आलं, युरोपचा कार्बन कर. माल बनवताना किती कार्बन निघाला याचा 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसता हिशेब कळवायचा होता, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचं प्रकरण सुरू झालं. खनिज आणि कोळशापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये केलेल्या टनभर पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार विजेच्या भट्टीत वितळवून केलं तर त्याहून खूपच कमी. म्हणजे एकाच ग्रेडचे, एकाच भावाचे दोन बार आता सारखे नाहीत. इथे महाग घेतलेला तिकडे हॅम्बुर्गला पोचेपर्यंत स्वस्त पडू शकतो. सांगा आता, "जिथं स्वस्त" म्हणजे कुठं?

जहाजांचं वेगळंच. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' सुवेझमध्ये सहा दिवस आडवं पडलं होतं. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या. दहा-बारा दिवस जादा. स्टॉक कमी ठेवला म्हणून एके काळी माझी पाठ थोपटणारे साहेबच आता म्हणतात, दोन महिन्यांचा बार भरून ठेवा.

खरी पंचाईत होते ती लहान माणसाची. राजकोटजवळ शापरला आमचा एक फोर्जिंगवाला आहे. हात असा की मशिनिंगला कमीत कमी माल सोडतो. कार्बनच्या हिशेबासाठी आमच्या ऑर्डरला गॅस किती जळला, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "बेन, गेस तो बधानो भेगो ज आवे ने." तीन भट्ट्या, मीटर एक. मोठ्या मिलमध्ये अशा हिशेबांना वेगळं खातं असतं. याच्याकडे एक मुनीम आणि बी.कॉम.ला असलेली मुलगी. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण तो मोठ्यांच्या मापाने शिवलाय. कागद जमेना म्हणून दोघांना मी यादीतून काढलं. त्यांचं काम राहिलेल्या काहींपेक्षा सरस होतं, हे मला आणि आमच्या मशीनशॉपला ठाऊक आहे.

शापरवाल्याने मात्र गेल्या महिन्यात आमच्या मालाच्या भट्टीला वेगळा मीटर बसवला. मुलीने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, "मासी, आ चालशे?" मी फोटो मोठा करून बघितला. मीटर नंबरच्या शेवटच्या आकड्यावर ग्रीसचा डाग होता. पुसून परत काढ, म्हटलं.