तुम्ही विचारलंत म्हणून: यूट्यूब असताना बागेच्या वर्गाला कशाला जायचं?

बाल्कनीत कुंड्या दिसल्या की पाहुणे हमखास विचारतात, "यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं, मग त्या बागप्रेमी मंडळाची वर्गणी भरून रविवारची सकाळ कशाला घालवता?" विचारणारा बहुतेक वेळा स्वतः दोन गुलाब आणि एक तुळस घालवून बसलेला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हिडिओ मीही बघते. पण तो करणारा माणूस दिल्लीत असतो, बंगळुरात असतो, कधी इंग्लंडात. तिकडचा माळी "भरपूर ऊन द्या" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तिकडचं ऊन असतं. पुण्यात एप्रिलमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत तेच झाड दुपारी तीनला भाजून निघतं. आमच्या मंडळातल्या काकू मात्र पहिल्या भेटीतच दोन प्रश्न विचारतात: गॅलरी कुठल्या दिशेला, आणि पाणी नळाचं की बोअरचं? बोअरचं पाणी जड असलं की मातीवर पांढरा थर धरतो, आणि लोक त्याला बुरशी समजून औषध मारत बसतात.

दुसरं म्हणजे हाताचं काम. गुटी कलमाचंच घ्या, म्हणजे झाडावर असतानाच फांदीला मुळं फोडायची. पावसाळ्यात डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या फांदीची इंचभर साल गोलाकार सोलायची, ओलं मॉस गुंडाळायचं, वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. ऐकायला सोपं आहे. पण साल काढल्यावर खाली एक बुळबुळीत थर उरतो, तो सुरीच्या पाठीने खरवडून लाकूड कोरडं लागेपर्यंत पुसायचा असतो. तो राहिला तर झाड जखम भरून काढतं, वरची साल खालच्या सालीला जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. किती खरवडायचं हे पडद्यावर कळत नाही. शेजारी बसलेलं कुणीतरी तुमचं बोट धरून फांदीवर फिरवतं आणि म्हणतं, "अजून गुळगुळीत लागतंय ना? मग अजून."

गुलाबाचंही तसंच. "आणला तेव्हा टपोरा लाल होता, आता बारीक पांढरी फुलं येतात, देशी झाला," ही तक्रार वर्गात दर वेळी असते. गुलाब बदललेला नसतो. त्याचा डोळा (पानाच्या बगलेतला कोंब) ज्या रानटी गुलाबाच्या खुंटावर बसवून कलम केलेलं असतं, त्या खुंटाचे फुटवे जोडाच्या खालून वर येतात आणि वरच्या कलमाला उपाशी मारतात. ते अगदी मुळापासून काढावे लागतात. कुंडी वर्गात आणली की जोड कुठे आहे ते दाखवता येतं. फोनवर पाठवलेल्या फोटोत तो नेमका मातीखाली असतो.

शेवंतीची गंमत याहून मोठी. ती दिवस लहान झाले, रात्री लांबल्या की कळ्या धरते. एका सभासदांची शेवंती हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. खतं घालून ते थकले. शेवटी कुणीतरी विचारलं, "रात्री दिवा कुठला असतो?" जिन्यातला दिवा रात्रभर थेट कुंडीवर पडत होता. कुंडी हलवली. हा प्रश्न विचारायला त्यांच्या इमारतीत येऊन गेलेलाच माणूस लागतो.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला तो याच वळणाने: द्राक्षं लावणाऱ्यांनी आपापल्या बागेत प्रयोग करायचे आणि एकमेकांना सांगायचे. आमच्या मंडळाची झेप तेवढी नाही, आम्ही बराच वेळ चहा पितो. (मनी प्लांट चोरूनच आणावा असं मानणारेही आमच्यात आहेत. मी वाद घालत नाही, फांद्या लपवते.)

आणि हो, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन. मंडळासोबत गेलात तर फुलांपेक्षा फुलांकडे बघणं शिकाल. गुलाब पूर्ण उमललेला नव्हे, अर्धा-पाऊण उमललेला असताना परीक्षकाला आवडतो; देठ सरळ आणि पानं निरोगीही हवीत. म्हणून प्रदर्शनात गुलाब ठेवणारी मंडळी छाटणीची तारीख उलटी मोजून ठरवतात. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दीड-दोन महिने लागतात, तेही थंडीवर अवलंबून. विकत घ्यायचंच असेल तर फुलांनी लगडलेली कुंडी घेऊ नका, कळ्यांची घ्या. लगडलेली दुकानदारासाठी फुललेली असते.

सगळ्यांनी यावं असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांना "दर पंधरा दिवसांनी अमुक चमचे खत" एवढंच पाठ हवंय, त्यांना व्हिडिओ पुरतात. वर्गात "बघून ठरवा" हे इतक्यांदा ऐकावं लागतं की नवखे वैतागतात. तरी यायचंच ठरवलंत तर पावसाळ्यात गुटी कलमाच्या वर्गाला या. धारदार सुरी घरची आणा, आणि मरायला टेकलेलं एखादं झाड कुंडीसकट. चांगली झाडं घरीच राहू द्या, त्यांवर बोलायला कुणाकडे काही नसतं.