मला खाली सोडा

फलटणला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, गोठ्याच्या शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, असं सगळं आम्ही करतो. माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी 'सगळ्या मुलांना खेळता येईल असं मैदान करून द्या' म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आली ती चक्री, पोरं बसून गोल फिरतात ती.

नेहमीची चक्री जमिनीपासून फूटभर उंच असते. त्यावर चाकाची खुर्ची चढत नाही. म्हणून तबकडी जमिनीच्या पातळीतच आणायची ठरवली. व्यास ८ फूट, ७५ एमएमच्या लोखंडी चॅनेलची चौकट, वर ५ एमएमची चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा. नुसत्या तबकडीचं वजन अडीचशे किलोच्या पुढे गेलं. तयार मिळणाऱ्या बऱ्याच चक्र्या दोन पावसाळ्यांत करकरायला लागतात, कारण खालचं बेअरिंग एवढं वजन पेलण्याच्या लायकीचं नसतं. मी ट्रॉलीचा हब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा भाग, उभा करून बसवला. ज्याच्यावर उसाची खेप कारखान्यापर्यंत जाते, त्याला दहा पोरांचं काय ओझं? खाली दीड फुटाचा खड्डा विटांनी बांधून काढला आणि पाणी साचू नये म्हणून ४ इंची पाइप उताराने बाहेर काढला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कडेच्या फटीत. फिरती तबकडी आणि भोवतालची रिंग यांच्यामध्ये लहान मुलाचं बोट शिरता कामा नये. प्लेट गॅसने कापलेली, ती कधीच खरी गोल नसते. एका जागी खडू धरायचा, तबकडी हाताने फिरवायची, खडू घासेल तिथे ग्राइंडर. हे आम्ही दोन दिवस केलं. फट सगळीकडून ६ मिलिमीटरवर आली तेव्हा वर्कशॉपमधल्या पोरांना मी वडापाव खिलवला.

रॅम्पचंही सांगतो, कारण त्याचा मला राग आहे. शाळेचं जोतं २ फूट उंच आणि आधीच्या ठेकेदाराने ८ फुटांचा रॅम्प करून बिल काढलेलं. म्हणजे १ ला ४ चा चढ. त्यावरून खुर्ची वर ढकलायला दोन माणसं लागतात, उतरवताना तीन. इमारती दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून केंद्राने काढलेल्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १ ला १२ आहे, म्हणजे २ फुटांना २४ फूट लांबी. तेवढी जागा जाते म्हणून कुणी देत नाही. फोटोत रॅम्प दिसला की काम झालं! आम्ही तो फोडून भिंतीच्या कडेने वळवून घेतला, लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या नळीने, दर ५ फुटांवर उंची तपासली. कठडे दोन्ही बाजूंना, ७६० आणि ९०० मिलिमीटरवर.

पैसे लोकवर्गणीतून आले, थोडे ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून. त्यावरून एका सदस्याचा आग्रह होता की मैदानाच्या एका कोपऱ्यात 'दिव्यांग विभाग' असा फलक लावून तेवढाच भाग तयार करावा. मुख्याध्यापक सर हटले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सोळावं कलम त्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवलं: खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने. बरोबरीने म्हणजे कोपऱ्यात नाही, एवढंच म्हणाले आणि खाली बसले. असा मुख्याध्यापक मी दुसरा पाहिलेला नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, चाचणी ठेवली. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो सहावीतला मुलगा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पाय ताठ, बोलणं सावकाश आणि ओढून. बाईंनी त्याची खुर्ची रॅम्पवरून उतरवली, मुरुमावर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, दाबून केलेल्या रस्त्यावरून आणली आणि चक्रीवर चढवली. चाकांना साधा धक्काही बसला नाही. मी ब्रेक लावून बेल्ट बांधला. पोरांनी चक्री फिरवली, टाळ्या पडल्या, सगळ्यांचे मोबाइल वर.

तो काहीतरी म्हणाला. आम्हाला वाटलं, जोरात म्हणतोय. पोरांनी वेग वाढवला. तो परत म्हणाला. मी हसून हात हलवला. तेवढ्यात त्याच्या वर्गातली एक मुलगी पळत आली आणि दांडा धरून ओरडली, "थांबवा! खाली सोडा म्हणतोय तो."

घाबरला असेल असं समजून आम्ही खुर्ची खाली घेतली. त्याने नाही अशी मान हलवली. त्याला खुर्चीतूनच खाली यायचं होतं. जमिनीवर ठेवल्याबरोबर तो पालथा झाला आणि कोपरांवर सरकत निघाला, थेट घसरगुंडीकडे. बाई धावल्या, त्यांना त्याने हाताने झटकलं. वीसेक फूट तो तसाच गेला. मी जो रस्ता खुर्चीची चाकं रुतू नयेत म्हणून कच टाकून घट्ट केला होता, त्या रस्त्याने त्याची दोन्ही कोपरं खरवडली.

घसरगुंडीची पहिली पायरी १० इंचांवर. ती त्याने छातीने चढली. दुसरीला हात घालायला काही नव्हतं. कठडा होता, पण तो उभ्या मुलाच्या हाताला येईल असा, दोन फूट वर. तो त्या पायरीवर अडकला आणि बोटांनी प्लेटची कड धरून लोंबकळत राहिला. सगळं मैदान गप्प. मग मी पुढे झालो, त्याला काखेत धरून उचललं आणि वर नेऊन बसवलं.

तो घसरत खाली आला, पण हसला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. खाली आल्यावर रडला, आणि कोपरं दुखत होती म्हणून नाही, एवढं मला कळत होतं.

त्याची आई दुपारी आली. कोपरं बघून आधी चिडली, ते बरोबरच होतं. मग म्हणाली, "घरी आमच्या ओट्यावर एकटाच चढतो की तो. खुर्ची शाळेपुरती, दादा. घरात कुठं खुर्ची फिरायला जागा हाय?"

चार महिने आम्ही हे काम केलं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या, दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षिकांना विचारलं, पालकांची बैठक घेतली, सरपंचांना विचारलं. मी त्या खुर्चीची रुंदी, चाकांमधलं अंतर, पायपट्टीची उंची, सगळं टेपने मोजून नेलं होतं. आणि तो मुलगा रोज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून आमचं वेल्डिंग बघत होता. माझ्यापासून तीस फुटांवर. वेल्डिंगकडे बघू नको, डोळे जातील, एवढंच मी त्याच्याशी बोललो होतो.

पुढच्या रविवारी मी खडू घेऊन गेलो. त्याला सतरंजीवर बसवलं आणि घसरगुंडीच्या बाजूला फळ्या रचून विचारत गेलो, इथं हात पोचतो का, इथं? उत्तराला वेळ लागतो, थांबावं लागतं. आपण दोन सेकंदांत वाक्य पूर्ण करायला जातो, ते करायचं नाही, हे मला त्या मुलीने शिकवलं. ती सोबत बसली होती. त्याने ५ इंचांची पायरी सांगितली, रुंद, दीड फूट खोल, म्हणजे मध्ये दम घेता येईल. पहिला टप्पा खुर्चीच्या बैठकीएवढा, १८ इंच, म्हणजे खुर्चीतून त्यावर स्वतःच सरकता येईल. आणि एक पाइप अगदी खाली, पायरीपासून हातभरसुद्धा वर नाही. ७६० आणि ९०० या दोन्ही उंच्या उभ्या आणि खुर्चीतल्या माणसासाठी आहेत. जमिनीवरून जाणाऱ्या मुलाचा हात त्यांत कुठेच नाही.

या बदलाला अंदाजपत्रकात जागा नव्हती. रॅम्प झालाय ना, मग आता काय, असं मला तालुक्याच्या ठिकाणी दोन टेबलांवर ऐकावं लागलं. लोखंड माझ्याकडच्या तुकड्यांतून निघालं. कचेच्या रस्त्याशेजारी रबरी टाइल्सची चार फुटी पट्टी केली, ती शिक्षकांनी वर्गणी काढून. पण एप्रिलमध्ये अकरानंतर ती हाताला पोळते. वर हिरवी जाळी लावायची आहे, खांब उभे केलेत.

तो आता वरच्या टप्प्यापर्यंत जातो असं सर फोनवर सांगतात. माझ्यासमोर अजून गेलेला नाही. मी आलो की थांबतो आणि मी लांब जाईपर्यंत वाट बघतो. मग मी लांब जातो. परवा त्या मुलीकरवी निरोप आला, खालचा पाइप जाड आहे, मूठ पुरती वळत नाही. सव्वा इंची बसवला होता. पाऊण इंची कापून, कडा घासून गाडीत ठेवलाय, रविवारी बदलतो.