परदेशातल्या पार्ट्या आणि घरातली शांत संध्याकाळ

परदेशी राहणारा मुलगा किंवा मुलगी शनिवारी संध्याकाळी घरीच आहे असं कळलं की फोनवरून हमखास काळजी सुरू होते. "असं एकलकोंडं राहू नये, चार माणसांत मिसळावं." मायेपोटीच म्हणतात, पण माणसं नको असणं वेगळं आणि गर्दी नको असणं वेगळं. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली, तेव्हा माणसाचा ओढा आतल्या जगाकडे आहे की बाहेरच्या, एवढंच त्याला सांगायचं होतं. अंतर्मुख माणूस एकाशी तास-दोन तास मनापासून बोलतो. वीस जणांच्या कलकलाटात मात्र तो थकतो.

परदेशात हा थकवा जास्त येतो आणि त्यामागे साधं ध्वनिशास्त्र आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं. एक टोळकं मोठ्याने बोलतं म्हणून शेजारचं आवाज वाढवतं, त्यामुळे पहिलं आणखी. त्यात भाषा परकी. आपल्या भाषेत अर्धा शब्द कानावर पडला तरी उरलेला मन भरून घेतं; परक्या भाषेत ते भरणं अडतं, आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत अंदाज बांधावा लागतो.

बोलायची वेळ आली की दुसरी अडचण. गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच उत्तर तयार हवं. परक्या भाषेत क्रियापदाचं रूप मनात जुळवेपर्यंत तिसऱ्याच कोणीतरी तोंड उघडलेलं असतं. दोन-तीनदा असं झालं की माणूस नुसता हसून मान डोलवायला लागतो, आणि लोकांना वाटतं, याला आपल्यात रस नाही.

म्हणून जायचंच असेल तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात पोचावं. माणसं थोडी असतात, आवाज चढलेला नसतो आणि यजमानाला बोलायला सवड असते. पाहुणे जमल्यावर ती सवड राहत नाही. स्पीकरपासून लांब, पडदे किंवा गादीचा सोफा असेल तो कोपरा धरावा. उघड्या भिंती आणि काचा आवाज परत फेकतात. बोलणाऱ्याच्या जवळ सरकावं. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढून पोचतो. बंद खोलीत फायदा जरा कमी, पण जाणवण्याइतका. आणि तीन-चार जणांचाच गट बघावा. चारच्या वर माणसं गेली की गप्पा आपोआप फुटतात आणि दोन बोलणी एकदम कानावर आदळतात. निघायची वेळ यजमानाला आल्याआल्याच सांगितली की दीड तासाने उठताना कोणाला रुखरुख लागत नाही.

नाही म्हणणं हा खरा अवघड भाग. "बघतो, जमलं तर येतो" हा आपला सौम्य नकार आहे. तो जसाच्या तसा परक्या भाषेत गेला की अनेकदा होकार ठरतो, यजमान खुर्ची धरून ठेवतो, आणि आपण गेलो नाही की दुखावतो. खोटी डोकेदुखी तर सांगूच नये. दुसऱ्या दिवशी विचारपूस होते आणि खोटं वाढवत न्यावं लागतं. निरोप आला त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात: "बोलावल्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी येणं जमणार नाही, पण बुधवारी संध्याकाळी आपण दोघं तासभर फिरायला जाऊ या का?" यातली दुसरी ओळ फार महत्त्वाची. नुसते नकार गेले की तीन-चार वेळांनंतर बोलावणी थांबतात, आणि नव्या देशात ती पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागतो.

वाचवलेली संध्याकाळ फोनवर बोट सरकवण्यात गेली तर विश्रांती मिळत नाही, कारण तिथेही माणसंच बोलत असतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि हाताला काम द्यावं: शिवण, चित्र, कुंडीतली माती बदलणं. मराठीत मोठ्याने वाचून बघा; दिवसभर परकी वाक्यं जुळवून शिणलेल्या डोक्याला त्याने फार बरं वाटतं. मात्र जवळच्या एका माणसाशीही बोलावंसं वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे आणि असं दोन आठवडे चाललं आहे, तर तो स्वभाव समजू नका, डॉक्टरांना भेटा.

आणि घरच्यांनो, रविवारचा तो व्हिडिओ कॉलही एक पार्टीच असते. एका पडद्यावर सहा-सात चेहरे, आवाज क्षणभर उशिरा पोचतो, म्हणून दोघं एकदम बोलतात आणि दोघंही थांबतात. त्यातून तिकडच्या माणसाची खुशाली कळत नाही. आठवड्यात एकदा एकानेच, चित्राशिवाय, नुसता फोन करा. मधे शांतता पडली तर पडू द्या, लगेच "ऐकू येतंय ना?" विचारू नका.