बीम बंद झाल्यावरही

कॅन्सरवर कार्बनच्या आयनांचा (वेगवान, विद्युतभारित अणूंचा) झोत, म्हणजे बीम, सोडून उपचार होतात तिथे दिवसा पेशंट, रात्री आम्ही मोजमापं करणारे. बीम मोकळा मिळतो तो असाच, त्यामुळे काल परत जागरण. शरीराच्या जागी ॲक्रिलिकचा ठोकळा, त्यात कार्बनचे आयन सोडायचे, आणि बाजूला ६० अंशात बाहेर उडणारे कण पकडणारा आमचा डिटेक्टर, पुढे पातळ सिंटिलेटर (कण गेला की चमकणारा पदार्थ), मागे जाड क्रिस्टल.

ब्रॅग पीकचं, म्हणजे वाटेच्या टोकाला डोस एकदम उसळतो त्या शिखराचं, कौतुक सगळे करतात, आयन वाटेत हात आखडता घेतो आणि थांबता थांबता ट्यूमरवर सगळं ओततो वगैरे. खरंय ते. पण दर न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) ४०० एमईव्ही ऊर्जा दिली तर पाण्यात तो साधारण २७ सेंमी जातो, आणि निम्म्याहून जास्त कार्बन तिथे पोचायच्या आधीच फुटलेले असतात! प्रोटॉन, हेलियम, लिथियम, बोरॉन, काय वाट्टेल ते निघतं, आणि त्यातले हलके तुकडे पीकच्या पुढे जातात, जिथे डोस नकोच असतो. न्यूट्रॉन तर कुठेही भटकतात. म्हणून हे मोजायचं. शिवाय बाजूला उडालेल्या प्रोटॉनचा माग उलटा काढला की बीम आत कुठवर गेला त्याचा अंदाज लागतो, मला यातलं हेच जास्त आवडतं.

तर काल पहिले दोन तास फुकट. पातळ आणि जाड भागात पडलेल्या ऊर्जेच्या प्लॉटवर प्रोटॉन, ड्यूटेरॉन, ट्रिटॉनचे (तिन्ही हायड्रोजनचीच केंद्रकं, पुढच्या दोघांत एक आणि दोन न्यूट्रॉन जास्त) तीन वाकडे पट्टे वेगवेगळे दिसायला हवेत (आम्ही त्यांना केळी म्हणतो), तर नुसता लगदा. व्होल्टेज बघितलं, थ्रेशोल्ड (किती मोठा सिग्नल मोजायचा ती मर्यादा) बघितला, सॉफ्टवेअरला शिव्या घालून झाल्या, आणि शेवटी कळलं की एका चॅनेलला ५० ओहमचा टर्मिनेटरच (केबलच्या टोकाला सिग्नल जिरवणारा रोधक) नाही, सिग्नल केबलमध्ये मागेपुढे उड्या मारतोय. तो लावायचं काम माझंच होतं. गप्प बसून लावला, पाच मिनिटांत तिन्ही केळी सुटी.

साडेचारला बीम बंद. आत गेलो तर सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, ठोकळ्याजवळ कडकड करतोय. आधी आकडा भराभर उतरतो, तो ऑक्सिजन-१५, अर्धायुष्य (निम्मे अणू विघटन पावायला लागणारा वेळ) २ मिनिटं. मग रेंगाळतो तो कार्बन-११, २० मिनिटांचा. त्यातले काही ठोकळ्याचेच, पण काही तर आपणच सोडलेले कार्बन, वाटेत एक न्यूट्रॉन गमावून पीकच्या अलीकडे थांबलेले. बीम कुठे थांबला ते पाहायला पेट स्कॅन (किरणोत्सारी अणूंची जागा दाखवणारा स्कॅन) काढला तर त्यात दिसतात ते हेच.

ठोकळा शिल्डिंगमागे (किरणं अडवणाऱ्या भिंतीमागे) सरकवून आलो. लॉगबुकमध्ये टर्मिनेटरचं लिहायचं राहिलंय, उद्या लिहितो. बहुतेक.