पाच वेळा ‘सुरू झाले’

दूध संघात दर दहा दिवसांनी बिल निघतं. १ ते १० तारखेचं बिल ११ तारखेला काढायचं, दुपारी चारच्या आत बँकेत फाइल पाठवायची. गावोगावच्या अडीचशे संस्थांचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) आणि पशुखाद्याची उधारी कपात, हा सगळा हिशेब मी लिहिलेली पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम, करायची. पूर्वी ती मी स्वतः सर्व्हरवर जाऊन चालवत असे आणि हिशेब विभागातल्या ताई तासाभरात तीनदा विचारायच्या, “कुठवर आलं?” म्हणून मी त्यांना एक पान करून दिलं. बटण दाबायचं, की स्क्रिप्ट जे जे छापेल ते ओळीओळीने ब्राउझरमध्ये दिसणार.

त्या ११ तारखेला साडेदहाच्या सुमारास ताईंचा फोन आला. “सर, पाच मिनिटं झाली, नुसतं ‘सुरू झाले’ येतंय. एकही संस्था दिसेना. मी पान बंद केलं.”

मी विचारलं, “ताई, बटण परत परत दाबलंत का?”

“एकदाच दाबलं.”

मला ते पटलं नाही. सर्व्हरवर पाहिलं तर त्याच स्क्रिप्टच्या पाच प्रोसेस, म्हणजे पाच प्रती, एकाच वेळी चालू होत्या. माझ्या आवाजात तेव्हा जो सूर आला, त्याची आजही लाज वाटते. पाचही थांबवल्या. ताईंनी कपातीचा तक्ता उघडला आणि शांतपणे एका संस्थेचा आकडा वाचला. पशुखाद्याचा एकच हप्ता पाच वेळा कापला गेला होता. ही फाइल बँकेत गेली असती, तर महिन्याचं घर दुधावर चालवणाऱ्या माणसांच्या हातात जवळजवळ काहीच पडलं नसतं.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता. तो परत चढवला, स्क्रिप्ट हाताने टर्मिनलवरून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) चालवली आणि चारच्या आत फाइल गेली. मग लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, उघडून बसलो.

बटण दाबल्याची नोंद खरंच एकच होती. पण ज्या पत्त्यावरून ओळी यायच्या, त्यावर पाच विनंत्या आल्या होत्या, दोन-दोन विनंत्यांत बरोबर ६३ सेकंदांचं अंतर. माणूस इतक्या नेमाने बटण दाबत नाही. तेव्हा मला ताईंचं वाक्य नीट ऐकू आलं. ‘नुसतं सुरू झाले येतंय’, ‘दिसतंय’ नव्हे. त्यांच्या पानावर ती ओळ पाच वेळा उमटली होती.

घडलं ते असं. स्क्रिप्ट टर्मिनलवर चालते तेव्हा प्रत्येक ओळ छापली की लगेच दिसते. पण तिचं आउटपुट पाइपमधून, म्हणजे थेट, दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल, तर पायथन ते साठवून ठेवतो आणि ८१९२ बाइट भरले की एकदम सोडतो. माझी एक ओळ साधारण ६० बाइटची, म्हणजे एकशेतीसहून जास्त संस्था होईपर्यंत स्क्रिप्टचं बाहेर काहीच येणार नाही. (‘सुरू झाले’ ही ओळ स्क्रिप्टची नव्हे, जोडणी उघडताच सर्व्हर ती पाठवायचा.) एका संस्थेला दोन सेकंद धरले तर साडेचार मिनिटं शांतता. पुढे उभ्या असलेल्या एन्जिनएक्सने (ब्राउझर आणि माझा प्रोग्राम यांच्यामधला वेब सर्व्हर) माझ्या ओळी अडवून धरू नयेत, याची काळजी मी घेतली होती. पण मागून ६० सेकंद काहीच आलं नाही, तर तो जोडणी तोडतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जोडणी तुटली की ब्राउझरमधला इव्हेंटसोर्स (सर्व्हरकडून ओळी घेत राहणारी सोय) तीनएक सेकंद थांबून आपणहून पुन्हा जोडतो. त्यासाठीच तो बनवला आहे, त्यात त्याची काही चूक नाही. चूक माझी होती. बटण फक्त ती जोडणी उघडायचं आणि स्क्रिप्ट सुरू करायचं काम त्या जोडणीच्या पत्त्यावरच मी ठेवलं होतं. बघायला आलेला प्रत्येक जण काम नव्याने सुरू करत होता. मी चाचणी घेतली होती ती माझ्या लॅपटॉपवर, दहा संस्था घेऊन. वीस सेकंदांत सगळं संपायचं, ओळी शेवटी एकदम यायच्या आणि ‘वेगात झालं’ असं मी समजायचो.

रात्री साडेआठला ताईंना फोन केला आणि सरळ माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ते असू दे, पण पुढच्या वेळी दोनदा कापणार नाही ना?”

पुढचे चार दिवस त्यावरच घालवले. काम सुरू करणं आणि बघणं वेगळं केलं. बटणाने काम नोंदवलं जातं, त्याचं आउटपुट फाइलमध्ये उतरतं आणि पान फक्त ती फाइल वाचतं. प्रत्येक ओळीला क्रमांक दिला. जोडणी तुटली तर ब्राउझर शेवटचा क्रमांक सांगतो आणि पुढच्या ओळीपासून वाचन सुरू होतं. पायथनला ‘-यू’ (-u) हा पर्याय देऊन साठवणं बंद केलं. दर १५ सेकंदांनी कोलनने सुरू होणारी एक रिकामी ओळ पाठवतो, ती पानावर दिसत नाही पण जोडणी जागी ठेवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संस्था, बिलाची मुदत आणि कपातीचा प्रकार या तिन्हींची मिळून एकच नोंद होईल असं बंधन डेटाबेसमध्येच घातलं. स्क्रिप्ट दहादा चालली तरी हप्ता एकदाच कापला जाईल. हे बंधन पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

२१ तारखेला मी ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. ओळी एकेक करून येऊ लागल्या. मध्येच एका संस्थेसमोर ‘संकलन फाइल नाही’ असं आलं. ताईंनी स्क्रीनवरची नजर न काढता फोन उचलला आणि पुढच्या दहा संस्था व्हायच्या आत त्या संस्थेच्या सचिवांना फाइल पाठवायला सांगितलीसुद्धा.