दाराखालचा गंज

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पंचवीस पावसाळे काढलेल्या आमच्या गाडीच्या दाराखाली रंगाला फुगवटे आले, तेव्हा ते वरवरचे असतील असे मला वाटले होते. परंतु पेचकसाचे टोक टेकवताच ते सरळ पत्र्याच्या आत गेले. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणूनच तो रंगाला आतून उचलतो, आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतले बरेच काही संपलेले असते.

पहिल्या डेंटरने, म्हणजे गाडीचा पत्रा दुरुस्त करणाऱ्याने, भोकावर पुटी भरून देण्याची तयारी दाखवली. ती मी नाकारली, कारण पुटी ओल शोषते आणि तिच्याआड गंज निवांत वाढत राहतो. दुसऱ्याने सडका भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापला, नवा पत्रा वेल्डिंगने जोडला आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा ओल रोखणारा थर, मारला. जिथे गंज केवळ पृष्ठभागावर होता, तिथे घासून उरलेला गंज निष्क्रिय करणारे फॉस्फोरिक आम्ल लावणे, ते धुऊन पूर्ण वाळवणे आणि मग प्रायमर देणे पुरले.

मूळ कारण मात्र क्षुल्लक निघाले: दाराच्या खालच्या कडेची पाणी निचरा होण्याची छिद्रे चिखलाने बुजली होती. आता ती दर पावसाळ्याआधी मी स्वतः तारेने मोकळी करतो.