माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम, आई-बाबा आणि ड्रायव्हर नसलेली गाडी

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात ज्यांचे आई-बाबा येऊन गेलेत त्यांना माहीत असेल, पहिले पंधरा दिवस गोल्डन गेट वगैरे होतं आणि मग आमचं ऑफिस सुरू, ते घरात. गाडी चालवता येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे कुठेही जायचं तर शनिवारची वाट बघायची. तर असाच एक शनिवार धरून आम्ही कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमला गेलो आणि जाताना मुद्दाम स्वतःची गाडी न काढता वेमो, म्हणजे ड्रायव्हर नसलेली टॅक्सी, बोलावली.

आधी म्युझियमचं सांगते. पत्ता १४०१, नॉर्थ शोरलाइन बुलवार्ड, हायवे १०१ च्या अगदी लगत. ही पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची बिल्डिंग होती. बाबांनी गेटवरचा नंबर वाचला आणि तिथेच थांबले, "अरे, १४०१ तर आमचं मशीन!" बाबा सत्तरच्या दशकात मुंबईत रेल्वेच्या हिशेब खात्यात लागले तेव्हा पगारपत्रकं आयबीएम १४०१ वर निघायची. आणि आत खरंच एका खोलीत दोन आयबीएम १४०१ आहेत, चालू स्थितीतल्या, त्यातलं एक मशीन जर्मनीहून आणून रिटायर्ड इंजिनिअर लोकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलंय. १९५९ सालचं हे मॉडेल, मेमरी जास्तीत जास्त १६,००० अक्षरं, पण जगभरात १०,००० च्या वर मशीन बसवली गेली, आपल्याकडे रेल्वे, तेल कंपन्या, सगळीकडे हेच होतं.

डेमोत तुम्हाला एक कार्ड देतात (तेव्हा अशा कार्डांना भोकं पाडूनच मशीनला माहिती द्यायची) आणि पंचिंग मशीनवर स्वतःचं नाव पंच करायला देतात. बाबा खुर्चीवर बसले आणि बोटं आपोआप चालायला लागली, पन्नास वर्षांनी. मग ते कार्ड रीडरमधून गेलं आणि प्रिंटरवर नाव मोठ्ठ्या अक्षरात छापून आलं, तो प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापतो, आवाज एवढा की आईने कानावर हात ठेवले, आणि बाबांच्या डोळ्यात पाणी. ते नंतर तिथल्या व्हॉलंटिअर आजोबांशी अर्धा तास बोलत होते, कार्डांचा गठ्ठा हातातून पडला की काय व्हायचं, म्हणून क्रम परत लावता यावा यासाठी गठ्ठ्याच्या कडेवर पेनने तिरकी रेघ कशी मारून ठेवायची, आणि ते आजोबा म्हणाले आम्हीपण हेच करायचो. एक मुंबईचा, एक इथला, आणि रेघ तीच.

म्हणून पहिला सल्ला, डेमोच्या वेळेप्रमाणे दिवस ठरवा. १४०१ चे डेमो बुधवारी आणि शनिवारी असायचे, पण आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर वेळ बघूनच निघा. म्युझियम आठवड्यातून काही दिवस बंद असतं तेही तिथेच कळेल. पीडीपी-१ नावाचं अजून एक चालू मशीन आहे, त्याच्यावर १९६२ चा स्पेसवॉर गेम दाखवतात, त्याचा डेमो कधी आहे तेही बघून घ्या, मुलं असतील तर हा चुकवू नका.

मुख्य प्रदर्शनात १९ दालनं आहेत, ॲबॅकसपासून सुरू होतं. सगळं नीट बघायला गेलात तर सात-आठ तासही कमी, ज्येष्ठ मंडळी असतील तर साडेतीन तास पुरे. पहिल्या चार-पाच दालनांत लोक रेंगाळतात आणि मग शेवटी पळतात, तसं करू नका. १९५६ ची रॅमॅक डिस्क बघा, दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि मावायची फक्त ५० लाख अक्षरं. क्रे-१ बघा, गोलाकार बाक असलेला सुपरकॉम्प्युटर. इथे मी आई-बाबांना सांगितलं की ऐंशीच्या दशकात क्रेचं मोठं मशीन अमेरिकेने भारताला द्यायला नकार दिला आणि त्यातूनच पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये आपला स्वतःचा सुपरकॉम्प्युटर परम ८००० झाला. त्या क्रेसमोर उभं राहून आपल्या पुण्याचं नाव घेताना खरंच ऊर भरून येतो.

पण मला सगळ्यात आवडलेलं दालन रोबोटिक्सचं. तिथे काचेमागे शेकी नावाचा रोबोट उभा आहे. इथून जवळच मेन्लो पार्कला १९६६ ते १९७२ मध्ये त्याच्यावर काम झालं, चालताना थरथरायचा म्हणून शेकी. त्याला रस्ता शोधता यावा म्हणून १९६८ मध्ये ए-स्टार ही पद्धत निघाली, आणि तिची भावंडं आजही रस्ता शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहेत. आणि तिथेच स्टॅनफर्ड कार्ट ही आपली आपण चालणारी गाडी, सायकलची चार चाकं, वर टेबलासारखी फळी आणि एक कॅमेरा. १९७९ मध्ये या कार्टने खुर्च्या मांडलेली एक खोली माणसाच्या मदतीशिवाय पार केली, लागले सुमारे पाच तास. मीटरभर जायचं, थांबायचं, कॅमेरा सरकवत नऊ फोटो घ्यायचे, दहा-पंधरा मिनिटं विचार करायचा, मग पुढचा मीटर. मी तिथे बराच वेळ उभी होते. आम्ही ज्या गाडीतून आलो ती तर बाहेर शोरलाइनवर सायकलवाल्याला जागा देत, सिग्नलला थांबत आली होती. मधली २००४ ची मोहावे वाळवंटातली ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांची शर्यतही आठवली, १४२ मैलांच्या रस्त्यावर सगळ्यात पुढे गेलेली गाडी साडेसात मैलही गेली नाही, आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डची स्टॅनली १३२ मैल पार करून जिंकली.

आता वेमोबद्दल. ॲप आधी घरी टाकून, कार्ड जोडून ठेवा. तुमचा भाग त्यांच्या हद्दीत आहे का ते तिथेच दिसतं. चार जण बसतात, एक पुढे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आणि तिघं मागे, ड्रायव्हरच्या सीटवर मात्र बसायचं नाही. गाडीच्या टपावरच्या घुमटावर तुमची आद्याक्षरं उजळतात त्यामुळे ओळखायला सोपं. ज्येष्ठांना बसवताना घाई करू नका, पट्टे लावा, मग स्क्रीनवरचं बटण दाबलं की निघते. पिकअपची जागा नकाशावर नीट बघून घ्या, थोडं चालावं लागू शकतं, गुडघे दुखणारं कोणी असेल तर हे महत्त्वाचं. मागच्या सीटवरून आईला स्क्रीनवर आजूबाजूच्या गाड्या, माणसं दिसत होती आणि ती प्रत्येक माणूस मोजत होती, "हा दिसला तिला, हा पण दिसला."

बाबा मात्र गप्प होते. परत येताना म्हणाले, मुंबईच्या टॅक्सीवाल्याचं काय होणार गं? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हाही हेच भांडण होतं, मोर्चे निघाले होते, असं ते म्हणाले. आणि अपघातांचंही आहे, २०१८ मध्ये ॲरिझोनात टेंपी इथे उबरच्या अशाच चाचणीच्या गाडीखाली एक बाई गेली, ते विसरून चालणार नाही. मला वाटतं आपल्याकडे हे आधी लक्ष्मी रोडवर यायला नकोच, आधी यावं ते रात्री दहानंतर एसटी बंद होते अशा गावात, जिथून पेशंटला तालुक्याला न्यायला गाडी मिळत नाही. खड्डे, गुरं, उलट्या दिशेने येणारी ट्रॅक्टरची ट्रॉली, हे सगळं त्या गाडीला कळायला किती वर्षं लागतील देव जाणे, पण पाच तासांची खोली मी डोळ्यांनी बघून आले आहे.

बाकी किरकोळ: पार्किंग फुकट आहे. कॅलट्रेनचं स्टेशन दोनेक मैलांवर आहे, उन्हात वयस्कर लोकांना चालत आणू नका. आत एसी थंड असतो, स्वेटर घ्या. तिकिटात ज्येष्ठांना सवलत विचारा. जेवायला नंतर कॅस्ट्रो स्ट्रीटला जा. आणि पंच केलेलं कार्ड घडी न घालता आणायला एक वही सोबत ठेवा, बाबांचं आम्ही पासपोर्टच्या पाउचमध्ये कोंबलं आणि एक कोपरा दुमडला.

घरी उतरल्यावर आई गाडीकडे वळून बघत होती. मग म्हणाली, "ही लायब्ररीपर्यंत येते का? आणि देवळात? त्या पलीकडच्या काकू आहेत ना, त्यांनाही घेऊन जाईन, तू ऑफिसात असलीस तरी चालेल."